उणे ९७ आणि उणे ११३ : सिग्नलचे हे दोन आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात का?

बागाईत_दिंडोरी

नमस्कार मंडळी. दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. यंदा बागेत जमिनीचा ओलावा, पानांवरील ओल आणि तापमान मोजणारे सेन्सर बसवले आहेत, कारण डाऊनी या द्राक्षावरील रोगाच्या फवारणीचा निर्णय पानावर पाणी किती वेळ टिकले यावर बराच अवलंबून असतो. हे सेन्सर लोरा या कमी शक्तीत थोडी माहिती लांबवर पाठवणाऱ्या रेडिओ पद्धतीने, ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यात, शेतघराच्या गच्चीवरील गेटवेकडे, म्हणजे सगळ्या सेन्सरांचे निरोप घेणाऱ्या यंत्राकडे, माहिती पाठवतात आणि गेटवे ती फोर-जी राउटरमार्फत पुढे पाठवतो. जवळच्या तुकड्यातील सेन्सरांबाबत काहीच तक्रार नाही. सुमारे दोन किलोमीटरवरच्या तुकड्यातील सेन्सर मात्र अधूनमधून गप्प होतो, आणि राउटरचे इंटरनेट संध्याकाळी इतके मंदावते की शेतघरातून व्हिडिओ कॉल लागत नाही.

दोन्हीकडचे आकडे उतरवून घेतले आहेत. राउटरच्या पानावर आरएसएसआय उणे ६७ डीबीएम, आरएसआरपी उणे ९७ डीबीएम, आरएसआरक्यू उणे १३ डेसिबल, एसआयएनआर २ डेसिबल आणि बँडविड्थ १० मेगाहर्ट्झ असे दिसते. त्याच खोलीत, त्याच कंपनीचे सिम असलेल्या मोबाइलमधील अॅप उणे ९१ डीबीएम दाखवते. दूरच्या सेन्सरची गेटवेवरील नोंद आरएसएसआय उणे ११३ डीबीएम, एसएनआर उणे ९ डेसिबल आणि स्प्रेडिंग फॅक्टर १० अशी आहे.

आता माझी अडचण अशी की, उणे ११३ हा आकडा उणे ९७ पेक्षा कितीतरी कमजोर असूनही लोराचे निरोप बहुतेक वेळा पोहोचतात आणि त्यापेक्षा जोरकस दिसणारे फोर-जी रडते, हे कसे? एसएनआर, म्हणजे सिग्नल आणि गोंगाटाचे गुणोत्तर, उणे असणे म्हणजे सिग्नल गोंगाटाखाली गाडला गेला असा अर्थ असेल, तर तो वाचता तरी कसा येतो? राउटर आणि मोबाइल यांपैकी खरा आकडा कोणाचा मानायचा? नाशिकच्या महात्मा गांधी रस्त्यावरील एका दुकानदाराने बूस्टर लावण्याचा सल्ला दिला आहे, पण पैसे घालण्याआधी आपण काय मोजत आहोत हे मला नीट समजून घ्यायचे आहे.

निवृत्त_तंत्रज्ञ

आपण सगळे आकडे दिलेत हे फार बरे केलेत. एरवी प्रश्न विचारणारे ‘रेंजच्या दोन काड्या येतात’ एवढेच सांगतात, आणि कोणत्या आकड्याला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक मोबाइल बनवणारा आपापल्या मर्जीने ठरवतो.

सुरुवात एककापासून करतो. डीबीएम म्हणजे एक मिलिवॉटच्या तुलनेत सांगितलेली शक्ती. शून्य डीबीएम म्हणजे बरोबर १ मिलिवॉट. तेथून दर १० डेसिबलला शक्ती दहापट बदलते आणि दर ३ डेसिबलला जवळपास दुप्पट किंवा निम्मी होते. त्या हिशेबाने उणे ९७ डीबीएम म्हणजे सुमारे ०.२ पिकोवॉट आणि उणे ११३ डीबीएम म्हणजे सुमारे ५ फेम्टोवॉट, म्हणजे पहिल्याचा चाळिसावा हिस्सा. दोन डीबीएममधील फरक नुसत्या डेसिबलमध्ये सांगतात, आणि डीबीएमचे आकडे सरळ बेरजेला घेत नाहीत: उणे १०० डीबीएमचे दोन स्वतंत्र सिग्नल एकत्र आले तर बेरीज उणे ९७ डीबीएम होते. हे एकदा हाडीमासी खिळले की पुढचे अर्धे गोंधळ आपोआप टळतात.

शक्तीचा कोणताही आकडा ऐकला की तो किती बँडविड्थमध्ये मोजला, हे आधी विचारावे. आपल्या राउटरवरील पहिल्या दोन आकड्यांत ३० डेसिबलचा, म्हणजे हजारपटीचा फरक दिसतो तो याचमुळे. फोर-जीचा १० मेगाहर्ट्झचा वाहक प्रत्येकी १५ किलोहर्ट्झ अंतरावरच्या ६०० उपवाहकांत विभागलेला असतो. टॉवर ठरावीक जागी जे संदर्भसंकेत पाठवतो त्यांची एका उपवाहकामागे येणारी सरासरी शक्ती म्हणजे आरएसआरपी. आरएसएसआय ही त्या सबंध पट्ट्यात आलेली एकूण शक्ती असते, मग ती आपल्या टॉवरची असो, शेजारच्या टॉवरची असो किंवा नुसता गोंगाट असो. वजनकाट्यावर चढवलेली ट्रॉली आणि त्या ट्रॉलीतील आपल्या बागेचा एक क्रेट यांच्या वजनात जो फरक असतो, तोच येथे आहे. ट्रॉलीत शेजाऱ्याचे क्रेटही असू शकतात.

आता हाच हिशेब आपल्या आकड्यांवर करून पाहू. ६०० पट म्हणजे २७.८ डेसिबल. आपला टॉवर सगळे उपवाहक भरून पाठवत आहे असे धरले तरी त्याची एकूण शक्ती उणे ९७ अधिक २७.८, म्हणजे साधारण उणे ६९.२ डीबीएम होईल. राउटर मात्र एकूण उणे ६७ डीबीएम मोजतो. हा वरचा २.२ डेसिबलचा फरक किरकोळ वाटला तरी त्याचा अर्थ असा की, एकूण शक्तीपैकी जास्तीत जास्त ६० टक्के आपल्या टॉवरची आहे आणि निदान ४० टक्के परकी आहे. साठाला चाळिसाने भागल्यावर दीड, म्हणजे १.८ डेसिबल येते, आणि राउटर एसआयएनआर, म्हणजे आपला सिग्नल आणि परकी शक्ती व गोंगाट यांचे गुणोत्तर, २ दाखवतो. आरएसआरक्यूचा उणे १३ हा आकडाही याच गुणोत्तराचे दुसरे रूप आहे. एकट्या टॉवरने पट्टा पूर्ण भरला आणि परके काहीच नसले तर तो उणे १०.८ असतो, त्यामुळे त्याखाली घसरलेला आकडा परक्या शक्तीचाच पुरावा ठरतो.

ही परकी शक्ती म्हणजे नैसर्गिक गोंगाट असेल का? तसे नाही, हेही गणिताने दाखवता येते. वीज वाहून नेणाऱ्या कोणत्याही पदार्थातील इलेक्ट्रॉनांच्या उष्णताजन्य हालचालीमुळे गोंगाट निर्माण होतो. जॉन्सन यांनी तो मोजला, नायक्विस्ट यांनी त्याचे स्पष्टीकरण दिले आणि दोघांचे निबंध १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. सामान्य तापमानाला हा गोंगाट दर हर्ट्झमागे उणे १७४ डीबीएम असतो. १५ किलोहर्ट्झसाठी त्यात ४१.८ मिळवले की उणे १३२ येते, आणि ग्राहकयंत्राचा स्वतःचा गोंगाट सढळ हाताने ९ डेसिबल धरला तरी उणे १२३ डीबीएम. आपला सिग्नल उणे ९७ आहे, म्हणजे या तळापासून तो २६ डेसिबल वर आहे. नुसता उष्णताजन्य गोंगाट असता तर एसआयएनआर २६ च्या आसपास दिसायला हवा होता. तो २ आहे. तेव्हा आपल्या शेतघरावर सिग्नल दुबळा नाही. त्याच वारंवारितेवर दुसऱ्या टॉवरांचे किंवा त्याच टॉवरच्या दुसऱ्या बाजूच्या अँटेनांचे प्रक्षेपण त्यावर आदळत आहे. मोकळ्या माळावरच्या उंच गच्चीवर अनेक टॉवर एकदम दिसतात, त्यामुळे असे होणे साहजिक आहे.

वेगाचा प्रश्नही येथेच सुटतो. शॅनन यांच्या सूत्रानुसार १० मेगाहर्ट्झमध्ये २ डेसिबल एसआयएनआरला एका डेटाप्रवाहाची सैद्धांतिक कमाल मर्यादा सेकंदाला सुमारे १३.७ मेगाबिट येते आणि २० डेसिबलला ती सुमारे ६७ मेगाबिट होते. प्रत्यक्षात याहून कमीच मिळते, आणि जे मिळते ते संध्याकाळी टॉवरखालच्या सगळ्यांत वाटले जाते. आपण दुपारी आणि रात्री आठच्या सुमारास पुन्हा नोंदी घ्याव्यात. आरएसआरपी जागच्या जागी राहून आरएसआरक्यू आणि एसआयएनआर खाली गेले, तर टॉवरांवरील गर्दी हेच कारण आहे.

म्हणूनच बूस्टर घेऊ नये. तो आपला आणि परका असे दोन्ही सिग्नल सारखेच वाढवतो, त्यामुळे आरएसआरपी उणे ७७ झाला तरी एसआयएनआर २ चा २ च राहतो. शिवाय परवानगीवाचून असा बूस्टर बसवणे आपल्याकडे बेकायदेशीर आहे आणि त्याचा उपद्रव आसपासच्या सगळ्यांना होतो. येथे उपयोग होईल तो दिशादर्शी अँटेनाचा, म्हणजे यागी किंवा लॉग-पिरिऑडिक प्रकारच्या अँटेनाचा. ती आपल्या टॉवरकडून येणारे जास्त घेते आणि बाजूचे कमी घेते. ती फिरवताना मात्र लक्ष आरएसआरपीवर ठेवू नका, एसआयएनआर सर्वाधिक होईल तेथे पक्की करा. या दोन दिशा नेहमी एकच असतात असे नाही.

लघुलहरी_सिडको

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. फक्त राउटर खरा की मोबाइल, हा प्रश्न राहून गेला म्हणून लिहितो. मी हौशी रेडिओचा परवानाधारक आहे आणि मोजणीच्या आकड्यांवर फार विश्वास ठेवू नये, हे शिकण्यातच आमची पहिली काही वर्षे जातात.

उणे ९१ आणि उणे ९७ यांत ६ डेसिबलचा फरक आहे. फोर-जीच्या मानकात आरएसआरपीच्या निरपेक्ष मोजणीला, सर्वसाधारण परिस्थितीतही, सुमारे ६ डेसिबल इकडेतिकडे होण्याची मुभा आहे. म्हणजे दोन्ही उपकरणे आपापल्या जागी नियमात बसूनही भिन्न आकडे दाखवू शकतात. त्यात मोबाइलची अँटेना वेगळी, हातात धरल्यावर तिचे वर्तन वेगळे, आणि मोबाइलने राउटरपेक्षा दुसराच पट्टा किंवा दुसरा सेल (टॉवरच्या एका अँटेनाचे क्षेत्र) पकडला असेल तर मग तुलनेला अर्थच उरत नाही. अॅपमध्ये सेलचा क्रमांक आणि पट्टा दिसतो, तो आधी जुळवून पाहावा. एकाच उपकरणाने, एकाच जागी, काहीतरी बदलण्याआधी आणि नंतर घेतलेल्या नोंदी मात्र भरवशाच्या असतात, कारण उपकरणाची चूक दोन्ही नोंदींत सारखीच असते. मोजणीचे आमचे सगळे काम या एका गोष्टीवर चालते.

आमच्या संचावरील, सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस-मीटरचे उदाहरण पाहा. आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाच्या पहिल्या विभागाने १९८१ मध्ये शिफारस केली की ३० मेगाहर्ट्झच्या खाली एस-९ म्हणजे उणे ७३ डीबीएम, त्यावरील पट्ट्यांत एस-९ म्हणजे उणे ९३ डीबीएम, आणि एसची प्रत्येक पायरी ६ डेसिबलची. कागदावर हे सुटसुटीत आहे, पण बाजारातील अनेक संचांत खालच्या पायऱ्या प्रत्यक्षात तीन-चार डेसिबलच्याच निघतात. त्यामुळे ‘तुमचा सिग्नल एस-७ आहे’ हे हवेतील बोलणे मोजणी कमी आणि शिष्टाचार अधिक असते.

गोंगाटाबद्दलही थोडे सांगतो. माझ्या सिडकोतील घरी ४० मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यावर कोणी बोलत नसताना सुई एस-७ च्या आसपास, म्हणजे उणे ८५ डीबीएमवर डुलत असते. आजूबाजूचे एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर यांचा तो प्रसाद आहे. तोच संच त्र्यंबकच्या बाजूला मोकळ्या शेतात बॅटरीवर लावला की सुई एस-२ पर्यंत, उणे ११५ च्या आसपास उतरते. मग उणे १०० डीबीएमचे दूरचे स्टेशन सिडकोत ऐकू येत नाही आणि तेथे आरामात ऐकू येते. स्टेशन तेच, सिग्नलही जवळपास तेवढाच. त्यामुळे सिग्नलच्या आकड्याशेजारी त्या ठिकाणच्या गोंगाटाचा आकडा लिहिलेला नसेल, तर मी ती नोंद अपुरी समजतो.

बागाईत_दिंडोरी

काका, क्रेटच्या हिशेबाने आरएसएसआय आणि आरएसआरपीचा घोळ पूर्ण सुटला. रात्री आठला पुन्हा नोंद घेतली. आरएसआरपी उणे ९७ च राहिला, पण एसआयएनआर शून्यावर आणि कधी उणे १ वर दिसला. मोबाइलने खरोखर दुसरा पट्टा पकडला होता. फोर-जीसाठी दिशादर्शी अँटेना घेण्याचे ठरवले आहे. लोराचे कोडे मात्र अजून तसेच आहे.

लोरा_सातपूर

लोराच्या नोंदीत एक खाचखळगा आहे, तो आधी दाखवतो. आपण सेन्सरचा सिग्नल उणे ११३ डीबीएम समजत आहात, पण तो तेवढा नाही. लोराच्या चिपमधील आरएसएसआय ही वाहिनीत आलेली एकूण शक्ती असते, आणि एसएनआर उणे ९ असल्याने त्या एकूण शक्तीत बहुतांश वाटा गोंगाटाचाच आहे. म्हणूनच चिप बनवणाऱ्यांच्या पत्रकात असे सांगितलेले असते की, एसएनआर उणे असेल तेव्हा निरोपाची खरी शक्ती काढण्यासाठी आरएसएसआयमध्ये एसएनआर मिळवावा. उणे ११३ मध्ये उणे ९ मिळवले की उणे १२२ डीबीएम. आपला सेन्सर गेटवेला इतका क्षीण ऐकू येतो.

तरीही तो वाचता येतो, याचे कारण लोरा वेळ खर्च करून हे साधते. स्प्रेडिंग फॅक्टर १० ला प्रत्येक चिन्ह १०२४ तुकड्यांवर पसरलेले असते. ग्राहकयंत्राला ती रचना ठाऊक असल्याने ते सगळे तुकडे जुळवून एकत्र करते, आणि गोंगाट मात्र विस्कळीत असल्याने तसा एकत्र होत नाही. १०२४ पट म्हणजे ३० डेसिबलचा लाभ. त्यामुळे फॅक्टर ७ ला एसएनआर उणे ७.५ डेसिबलपर्यंत, १० ला उणे १५ पर्यंत आणि १२ ला उणे २० पर्यंत निरोप उलगडता येतो. याची किंमत वेगाने चुकवावी लागते. १२५ किलोहर्ट्झच्या वाहिनीत फॅक्टर १० ला सेकंदाला जेमतेम ९८० बिट जातात. ओलावा आणि तापमानाच्या चार आकड्यांना तेवढे पुरते, व्हिडिओ कॉलला ते कसे पुरणार? आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे: दोन्ही यंत्रणांना लागणारे सिग्नल आणि गोंगाटाचे गुणोत्तरच वेगवेगळे आहे, त्यामुळे उणे ९७ आणि उणे ११३ एका मापाने तोलता येत नाहीत.

आपला एसएनआर उणे ९ आणि मर्यादा उणे १५, म्हणजे हाताशी ६ डेसिबल उरतात. हे फार थोडे आहेत, म्हणूनच सेन्सर मधूनच गप्प होतो.

हे ६ डेसिबल वाढवण्याच्या दोन जागा मला दिसतात. पहिली जागा गेटवेपाशी आहे. १२५ किलोहर्ट्झसाठी उष्णताजन्य गोंगाट उणे १२३ डीबीएम, त्यात चिपचा ६ डेसिबल धरला तर उणे ११७. आपल्या नोंदीवरून गच्चीवरील गोंगाट उणे ११३.५ च्या आसपास निघतो. म्हणजे साडेतीन डेसिबल कोठूनतरी वरचे येत आहेत. सौर चार्ज कंट्रोलर, स्विचिंग अडॅप्टर किंवा पंपाचा व्हीएफडी (मोटारीचा वेगनियंत्रक) गेटवेच्या जवळ असेल तर तो थोडा वेळ बंद करून एसएनआर बदलतो का ते पाहावे. आरएसएसआय खाली उतरला आणि एसएनआर वर चढला तर चोर सापडला. येथे आरएसएसआय घटणे ही चांगली बातमी ठरते, हे विसरू नये.

दुसरी जागा सेन्सरपाशी आहे, आणि मला तीच मोठी वाटते. ८६६ मेगाहर्ट्झला दोन किलोमीटरवर मोकळ्या अवकाशात होणारी घट ९७ डेसिबल येते. सेन्सर १४ डीबीएमने पाठवतो आणि दोन्हीकडे २ डेसिबलच्या साध्या अँटेना आहेत असे धरले, तर गेटवेवर उणे ७९ डीबीएम यायला हवेत. आपल्याकडे येतात उणे १२२. हे ४३ डेसिबल जमीन आणि पाने यांनी खाल्ले आहेत. एवढ्या अंतरावर मध्यभागी पहिल्या फ्रेनेल क्षेत्राची, म्हणजे दोन अँटेनांमध्ये लहरीला लागणाऱ्या लंबगोल जागेची, त्रिज्या सुमारे १३ मीटर भरते आणि त्यातील निदान ६० टक्के, म्हणजे जवळपास ८ मीटर मोकळे असावे अशी अपेक्षा असते. कमरेएवढ्या उंचीवर लावलेल्या सेन्सरला ती कोठून मिळणार? सपाट जमिनीवर लांबच्या अंतरासाठी अँटेनाची उंची दुप्पट केली की साधारण ६ डेसिबल मिळतात. मापन करणारा भाग खालीच राहू द्यावा आणि फक्त अँटेना एका पाइपावर चढवून मांडवाच्या तारांच्या वर न्यावी, म्हणजे तारांच्या आणि पानांच्या जाळीतून सुटका झाल्याचा लाभ याशिवाय वेगळा मिळेल.

पानांवरून आठवले. आपण या नोंदी कधी घेतल्या? ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बाग उघडी असते तेव्हाचा आकडा आणि डिसेंबरात मांडव पूर्ण भरल्यावर, पहाटे पाने दवाने ओली असतानाचा आकडा यांत मोठा फरक पडतो, कारण पाण्याने भरलेले पान ही वारंवारिता चांगलीच शोषते. गंमत अशी की डाऊनीच्या दृष्टीने ज्या ओल्या पहाटेची नोंद हवी असते, नेमका तेव्हाच सेन्सरचा आवाज बसतो. त्यामुळे उरलेल्या डेसिबलांचा हिशेब नेहमी भरल्या बागेवर आणि ओल्या पानावर करावा.

आणखी एक पथ्य. ८६६ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ३५ सेंटिमीटर आहे. थेट आलेली आणि परावर्तित झालेली लहर एकमेकींना छेदतात तेथे वीतभर अंतरावर सिग्नल कित्येक डेसिबल खालीवर होतो. म्हणून एका जागेची एकच नोंद घेऊन निष्कर्ष काढू नये. आसपास मीटर-दोन मीटरच्या परिसरात अनेक नोंदी घ्याव्यात आणि त्यांतील मधली धरावी.

केबल_पंचवटी

येथे कोणी डीबी-मायक्रोव्होल्टचा, म्हणजे एक मायक्रोव्होल्टच्या तुलनेत सांगितलेल्या विद्युतदाबाचा, उल्लेख केला नाही, म्हणून थोडी भर घालतो. केबल आणि डिशच्या कामात आमचे मीटर डीबीएम दाखवत नाहीत, डीबी-मायक्रोव्होल्ट दाखवतात, आणि ७५ ओहमच्या वायरीवर दाखवतात. ५० ओहमच्या यंत्रणेत डीबी-मायक्रोव्होल्टमधून १०७ वजा केले की डीबीएम मिळते. ७५ ओहमला १०८.७५ वजा करावे लागतात. कोणी जुना केबल मीटर स्वस्तात देऊ केला तर एवढे लक्षात ठेवावे, आणि त्याने लोरा किंवा फोर-जी मोजण्याच्या फंदात पडू नये, कारण तो टीव्हीच्या वाहिन्यांच्या रुंदीसाठी बनवलेला असतो.

याच्याच जवळचे, पण वेगळे माप म्हणजे क्षेत्रतीव्रता, जी मीटरमागे डीबी-मायक्रोव्होल्टमध्ये सांगतात. आकाशवाणी नाशिकचे १०१.४ मेगाहर्ट्झसारखे एफएम केंद्र कोठवर नीट ऐकू येते हे ठरवताना हेच माप वापरतात. ग्रामीण भागात स्टीरिओसाठी ५४, मोनोसाठी ४८ आणि शहरात स्टीरिओसाठी ६६, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. क्षेत्रतीव्रता हा त्या जागेचा गुण असतो, तर डीबीएम हा त्या जागी ठेवलेल्या अँटेनाच्या टोकाशी मिळणाऱ्या शक्तीचा आकडा असतो. ५४ ची तीव्रता १०१.४ मेगाहर्ट्झला आदर्श समदिश अँटेनाला सुमारे उणे ६३ डीबीएम देते आणि तीच तीव्रता ८६६ मेगाहर्ट्झला सुमारे उणे ८२ डीबीएम. लहर तेवढीच, पण लहान तरंगलांबीची अँटेना त्यातून कमी गोळा करते. दोन वेगळ्या पट्ट्यांतील डीबीएमची तुलना करू नये, याला हेही एक कारण आहे.

बागाईत_दिंडोरी

सर्वांचे मनापासून आभार. नोंदी छाटणीनंतर लगेच, उघड्या बागेवर घेतल्या होत्या, तेव्हा पुढे त्रास वाढणार हे उघड आहे. चार्ज कंट्रोलर गेटवेच्याच पेटीत होता. तो बाहेर काढून लांब ठेवल्यावर आरएसएसआय उणे ११५ आणि एसएनआर उणे ७ झाला. सेन्सरची अँटेना पाइपावर चढवण्याचे काम येत्या आठवड्यात करतो. शेवटची शंका अशी की, गेटवेची अँटेनाही गच्चीवरून आणखी उंच खांबावर न्यायची असेल तर दहा मीटर वायर लागेल. घरात आरजी-५८ ची गुंडाळी पडली आहे, ती चालेल का? आणि अँटेना ८ डेसिबलची घेतली तर?

लोरा_सातपूर

कंट्रोलर हलवल्यावर दोन्ही आकडे मिळून पुन्हा उणे १२२ च येतात, हे पाहावे. सिग्नल जागेवर आहे, फक्त गोंगाट दोन डेसिबलने उतरला. आता हाताशी ८ डेसिबल आहेत.

आरजी-५८ वापरू नका. या वारंवारितेला ती मीटरमागे सुमारे अर्धा डेसिबल खाते, म्हणजे दहा मीटरला ५ डेसिबल, आणि उंचीने मिळवलेले बरेचसे वायरीतच जाईल. गेटवे पाणी न शिरणाऱ्या पेटीत घालून खांबावर अँटेनाच्या अगदी खाली बसवावा आणि खाली फक्त नेटवर्कची वायर आणावी. डेटा आणि वीज दोन्ही त्या एकाच वायरीतून नेता येतात. खांबाला अर्थिंग आणि अँटेनाच्या वाटेवर आकाशातील विजेपासून वाचवणारा वीजरोधक हवाच.

८ डेसिबलच्या सर्वदिश अँटेनाचा पट्टा उभ्या दिशेने चपटा असतो, त्यामुळे खांब उंच झाल्यावर अगदी पायथ्याजवळचे सेन्सर थोडे कमी ऐकू येतील. ते आजही जोरात येत असल्याने आपल्याला त्याची झळ लागणार नाही. गेटवे उलट उत्तरही पाठवत असेल तर त्याची शक्ती आणि अँटेनाचा लाभ मिळून ३० डीबीएमच्या वर जाऊ नये, कारण लोराच्या भारतीय पट्टीत तीच कमाल मर्यादा धरलेली आहे. म्हणून सेटिंगमध्ये शक्ती २२ किंवा त्याखाली ठेवावी.

निवृत्त_तंत्रज्ञ

फोर-जीच्या अँटेनालाही वायरीचा हाच नियम लागू आहे. आपल्या राउटरने २३०० मेगाहर्ट्झचा पट्टा पकडला तर तीच वायर याहूनही बरेच जास्त खाईल. राउटर गच्चीच्या दाराजवळ आणून वायर दोन-तीन मीटरवर भागवावी. राउटरला दोन अँटेनांची तोंडे असतील तर दोन्ही जोडाव्यात आणि एक डावीकडे, दुसरी उजवीकडे ४५ अंशांत कलती लावावी, म्हणजे दोन्ही प्रवाहांचा फायदा मिळेल. अँटेना पक्की करण्याआधी रात्री आठच्या गर्दीतला एसआयएनआर पाहून घ्या, दुपारचा नको.